बडोद्यात घर, मुंबईत काम: नटांनी गणित कसं मांडावं? (माहितीचा धागा)

तालीमघर

नमस्कार मंडळी,

बडोदा विद्यापीठाच्या, सूरसागर तलावाकाठच्या नाट्यविभागाची एक तुकडी दर उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडते आणि दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंतच्या मराठी घरांत तोच विषय निघतो: आता मुंबई की बडोदं? चार वर्षं मन लावून शिकलेली मुलं पुढच्या सहा महिन्यांत केवळ हिशेब न जमल्यामुळे अभिनय सोडतात, ते बघवत नाही. म्हणून हा धागा.

विनंती एकच. आठवणी आणि किस्से इथे नकोत. उद्या बॅग भरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला उपयोगी पडेल एवढंच लिहा. मला तीन गोष्टी हव्या आहेत. कुठलं काम बडोद्यात राहून करता येतं आणि कुठलं येत नाही? पैसा हातात पडेपर्यंत किती शिल्लक लागते? आणि करारात नेमकं काय वाचायचं?

बोरिवली_फास्ट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कामाच्या पैशावर ठरत नाही, निरोप किती आधी येतो त्यावर ठरतं.

जाहिरातीच्या ऑडिशनचा निरोप आदल्या संध्याकाळी, कधी त्याच दिवशी सकाळी येतो. तिथे निवड झाली तर एक कॉलबॅक (पुन्हा बोलावून घेतलेली फेरी), एक लूक टेस्ट आणि मग एक-दोन दिवसांचं शूटिंग. पहिली फेरी आता बहुतेक वेळा घरून व्हिडिओ पाठवून होते, त्यामुळे जाहिरात बडोद्यातून जमते. मात्र कॉलबॅकला हजर राहावंच लागतं.

सिनेमा किंवा वेब मालिकेतली छोटी भूमिका असेल तर तारखा आठवडा-दोन आठवडे आधी कळतात, पण त्या सरकतात. हेही जमतं. बाहेरगावचं शेड्यूल असेल तर राहण्याची सोय निर्माता करतो, तेव्हा तुम्ही अंधेरीहून गेलात काय नि बडोद्याच्या अलकापुरीहून गेलात काय, सारखंच.

मुंबईतल्या सेटवरची रोजची मालिका बडोद्यातून होत नाही. उद्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, आज रात्री नऊ-दहाला कळतो. महिन्याला पंधरा दिवस काम असलं तरी ते पंधरा दिवस कुठले, हे कुणीच आधी सांगत नाही. सातारा, कोल्हापूर, नाशिक या भागांत चित्रीकरण होणाऱ्या मराठी मालिका याला अपवाद आहेत. तिथे राहण्याची सोय सहसा निर्मिती संस्थेकडून असते, मुंबईचं भाडं पडत नाही. गुजरातच्या हद्दीतल्या उमरगावच्या स्टुडिओत पौराणिक मालिका होतात, तेही लक्षात ठेवा. बडोद्याहून मुंबईच्याच मार्गावर साधारण अडीचशे किलोमीटरवर उमरगाम रोड स्टेशन आहे.

आता गाड्या. बडोद्याहून बोरिवली सुमारे ३६० किलोमीटर. आपल्याला मुंबई सेंट्रलपर्यंत जायचं कारणच नाही. ऑडिशनची बरीचशी ऑफिसं वर्सोव्याच्या आरामनगरात आणि आसपास, फिल्मसिटी गोरेगावला, मालिकांचे सेट मीरा रोड-नायगावच्या पट्ट्यात, म्हणजे बोरिवलीच्या दोन्ही हातांना. गुजरात मेल किंवा एकता नगर–दादर एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने पहाटे बोरिवलीला उतरलात की दहाच्या ऑडिशनला आरामात पोचता. सकाळी निघून दुपारच्या वेळेला पोचण्याचा भरवसा धरू नका. गाडी तास-दीड तास रखडली की दिवस गेला.

तालीमघर

पासबद्दल मुलं नेहमी विचारतात. त्याचं काय?

बोरिवली_फास्ट

रेल्वेचा मासिक पास साधारण १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. बडोदा–मुंबई पास नाही. बडोदा–अहमदाबाद मात्र शंभरच्या आसपास आहे, तिथे चालतो. गुजराती सिनेमाच्या ऑडिशन आणि डबिंगसाठी अहमदाबादला आठवड्यातून तीनदा जाणाऱ्याने तो काढावाच.

स्लेट

घरून पाठवायच्या व्हिडिओबद्दल सविस्तर लिहितो. अभिनय चांगला असूनही बडोद्यातून जाणारे निम्मे व्हिडिओ तांत्रिक कारणांनी मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

पहिली अडचण उजेडाची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. फोनचा कॅमेरा ३० फ्रेमवर ठेवला आणि खोलीत जुनी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मॅन्युअल कॅमेऱ्याचं एखादं ॲप घ्या, फ्रेम रेट २५ आणि शटर एकपन्नासांश ठेवा, पट्टे जातात. त्याहून सोपं म्हणजे सकाळी नऊ ते अकरामध्ये खिडकीकडे तोंड करून उभं राहणं. खिडकी पाठीमागे नको. पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीतल्या, घरात ऊन थेट येत नाही, भिंतीवरून परतून येतं. तो उजेड चेहऱ्याला फार छान बसतो. मागची भिंत साधी, फिक्या राखाडी किंवा निळसर रंगाची. पांढऱ्या भिंतीमुळे कॅमेरा चेहरा काळवंडून टाकतो. देवघर, कॅलेंडर, कपाटाचा आरसा मागे दिसू देऊ नका.

फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. फ्रेम छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं मोकळी. १०८० पी पुरे, फोर-के नको, फाइल उगाच जड होते. एक्स्पोजर आणि फोकस चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर मान हलली की उजेड बदलतो.

आवाज. पंखा बंद, फ्रिज बंद. साधा कॉलर माइक लावला तरी खूप फरक पडतो. माइक नसेल तर फोनपासून चार-साडेचार फुटांपेक्षा लांब जाऊ नका. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी लगत उभा राहावा आणि त्याने आवाज खाली ठेवावा. वाचणारा फोन हातात धरून बसला की त्याचा आवाज मोठा नि नटाचा बारीक येतो. हा दोष मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिलाय.

ओळख वेगळ्या फाइलमध्ये: नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, सांगितलेल्या तारखा मोकळ्या आहेत का, तत्सम जाहिरात अलीकडे केली आहे का. मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात. "सध्या कुठे" याला खरं उत्तर द्या: "बडोदा, एका रात्रीत पोचू शकते." अंधेरी सांगून दुपारी चारला बोलावल्यावर न पोचणाऱ्याचं नाव यादीतून जातं.

फाइलच्या नावात आपलं नाव, भूमिका आणि उंची. ड्राइव्हची लिंक "कुणालाही उघडता येईल" अशी ठेवून दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. परवानगी मागणारी लिंक कुणीही दुसऱ्यांदा उघडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की दर्जा खाली येतो.

आणखी एक. ऑडिशनसाठी, "आर्टिस्ट कार्डा"साठी किंवा पोर्टफोलिओ सक्तीने काढायला पैसे मागणारा माणूस कास्टिंगवाला नसतो. खऱ्या कामात पैसा नटाकडे येतो. कमिशन काम झाल्यावर, तेही मिळालेल्या रकमेतून कापलं जातं.

विंगेतून

वाचनखूण साठवली. स्लेट, मराठी भूमिकांसाठी उच्चारांचं एक जोडतो. बडोद्यातली मुलं गुजराती ऐकत मोठी होतात आणि गुजरातीत च-ज तालव्यच आहेत. त्यामुळे "चार" बरोबर येतो, "चोर" घसरतो. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगत राहा, या दोन शब्दांतला ज वेगळा आहे. हा फरक मराठी मालिकेच्या ऑडिशनला पहिल्या दोन वाक्यांत ऐकू येतो. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन करा: चमचा, चाक, झाड, चूक हे दंत्य, चहा, चिमणी, जेवण, जीव हे तालव्य. महिनाभरात कान तयार होतो. उलट बाजूने, गुजराती सिनेमात आणि मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर याच मुलांना फायदा आहे, तो वाया घालवू नये.

जमाखर्च

आता पैसा. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

मालिकेचा मोबदला साधारण नव्वद दिवसांनी मिळतो. ही पद्धत जुनी आणि सर्वांना माहीत आहे, पण तिचा अर्थ घरच्यांना कागदावर दाखवल्याशिवाय कळत नाही. जुलैत काम सुरू झालं, बिल जुलैअखेर गेलं, पैसे ऑक्टोबरअखेर. म्हणजे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे चार महिने खिशातून.

दिवसाला ४,००० रुपये आणि महिन्याला १५ दिवस धरा. बिल ६०,०००. टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर, दहा टक्के, ६,०००. काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचं कमिशन पंधरा टक्के, ९,०००. हातात ४५,०००. कमिशन दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं आणि ते टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर लावतात की नंतरच्या, हे आधीच विचारून मेसेजवर लिहून घ्या.

मुंबईचा महिन्याचा खर्च: खोलीतला वाटा १४,०००, जेवण ८,०००, प्रवास ४,०००, फोन-कपडे-केस-व्यायाम ४,०००. एकूण ३०,०००. चार महिन्यांचे १,२०,०००. डिपॉझिटमधला वाटा तीन भाड्यांइतका धरला तर ४२,०००. काम मधेच थांबलं तर नवं शोधायला दोन महिने, ६०,०००. सगळं मिळून २,२२,०००. एवढी रक्कम बाजूला नसेल तर मालिका मिळाल्याच्या आनंदात उसनवारी सुरू होते आणि पहिला चेक येतो तो सगळा देणी फेडण्यात जातो.

याच गणिताची दुसरी बाजू फार थोडे जण पाहतात. समजा सप्टेंबरअखेर ट्रॅक, म्हणजे मालिकेतलं आपल्या पात्राचं कथानक, संपला. तरी ऑगस्टचे पैसे नोव्हेंबरअखेर आणि सप्टेंबरचे डिसेंबरअखेर येतच राहतात. खात्यात भर पडत असते, म्हणून काम थांबल्याची धग जाणवत नाही आणि नवीन ऑडिशन्स डिसेंबरपर्यंत ढकलल्या जातात. पैसा येतोय हे बघू नका, कॅलेंडरवर पुढच्या महिन्यात कामाचे किती दिवस लिहिलेत ते बघा. मागचे पैसे येत असतानाचे ते तीन महिने नव्या कामाच्या शोधासाठीच आहेत.

कराबद्दल. एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या वर व्यावसायिक फी गेली की दहा टक्के कापतात (ही मर्यादा २०२५-२६ पासूनची, त्याआधी ३०,००० होती). सिनेकलाकार हा व्यवसाय अनुमानित करयोजनेत येतो, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं, खर्चाच्या पावत्या मागत नाहीत. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. वर्षाची जमा ७ लाख २० हजार असेल तर उत्पन्न ३ लाख ६० हजार. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कापलेले ७२,००० परत मिळतात. पण विवरणपत्र भरलं तरच. हे ७२,००० म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा मुंबईचा खर्च आहे, आणि कित्येक मुलं "आपलं उत्पन्नच कमी" म्हणून ते सोडून देतात.

एक सावधगिरी: सिनेकलाकाराची व्याख्या चित्रपटनिर्मितीला धरून लिहिलेली आहे. नाटकाच्या नाइटचं, म्हणजे प्रयोगागणिक मिळणारं, उत्पन्न त्यात आपोआप बसतं असं धरू नका. त्याचा हिशेब वेगळा ठेवा आणि सीएला दाखवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या लेखांतले क्रमांक पाठ करू नका.

जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या जमेपर्यंत लागत नाही. काम महाराष्ट्रातल्या कंपनीचं आणि तुम्ही गुजरातचे, तरीही.

खडकी

जमाखर्च, उत्तम. पण घरच्यांचा प्रश्न राहिला. आई-वडील बडोद्यात, मुलगा किंवा सून शूटिंगवर. बँक गृहकर्ज देत नाही, विमा कंपनीतून पगाराची स्लिप मागतात. यावर काही?

जमाखर्च

गृहकर्जाला बँक सलग दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. म्हणून कर शून्य असला तरी पहिल्या वर्षापासून भरावं. तिसऱ्या वर्षी कर्ज हवंय म्हणून एकदम तीन भरता येत नाहीत. सगळं मानधन एकाच खात्यात घ्या आणि त्यातून दर महिन्याच्या एका तारखेला ठरावीक रक्कम घरखर्चाच्या दुसऱ्या खात्यात टाका. नटाच्या घरात पगार असाच तयार करावा लागतो. रक्कम गेल्या बारा महिन्यांच्या जमेच्या सरासरीपेक्षा कमी ठेवा, निम्मी ठेवलीत तर झोप लागेल.

आवर्ती ठेव अशा उत्पन्नाला बरी नाही, हप्ता चुकला की दंड. पीपीएफ बरा: वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, जेव्हा आले तेव्हा भरा. मुदत १५ वर्षं.

आरोग्यविमा पालकांचा वेगळा आणि आपला वेगळा घ्या. एकाच पॉलिसीत घातलं की सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता ठरतो. वैयक्तिक आरोग्य नि आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, एजंटने लावला तर विचारा. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड लागतं, बाकी काही नाही. चित्रीकरण सोडून मध्यरात्री बडोद्याला पळत यायची वेळ आली तर निदान पैशाची घाई तरी नसेल.

विंगेतून

रंगभूमीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

व्यावसायिक मराठी नाटकाची तालीम महिना ते दीड महिना, रोज. या काळात मानधन नसतं किंवा नावापुरतं असतं. नंतर पैसा प्रयोगागणिक, ज्याला आपण नाइट म्हणतो. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवार: दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. म्हणजे तालमीचे सहा आठवडे मुंबईत काढले की पुढे शुक्रवारी रात्री बडोद्याहून निघून सोमवारी पहाटे परत, हे शक्य आहे. शनिवारी दोन प्रयोग असतील तर पहिला दुपारी चारचा, त्यामुळे शनिवारी सकाळची गाडी घेऊ नका. नाटक बसलं तर महिन्याला आठ-दहा नाइट, पडलं तर पहिल्या पाच प्रयोगांत थांबतं. तालमीचे दिवस त्यात बुडतात. म्हणून तालमीचा प्रवास आणि जेवण कोण देणार, एवढं तरी आधी बोलून घ्या. निर्माते यावर चिडत नाहीत. न विचारणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही, एवढंच.

बडोद्यातल्या मोसमाचंही भान हवं. नवरात्रीच्या नऊ रात्री महात्मा गांधी नगरगृह काय आणि अकोट्याचं सयाजी नगरगृह काय, नाटकाला प्रेक्षक मिळत नाही. सारं शहर गरब्याला. त्या दिवसांत निवेदनाची कामं मिळतात, ती श्रावणातच पक्की होतात. शाळांच्या स्नेहसंमेलनांचा मोसम नोव्हेंबर ते जानेवारी. एका शाळेचं नाटक बसवायला साधारण पंधरा तालमी लागतात. मानधनाचा निम्मा भाग पहिल्या तालमीला आणि उरलेला रंगीत तालमीच्या दिवशी घ्यावा. कार्यक्रमानंतर लेखाविभागाला सुट्टी लागते.

तालीमघर

शाळेत पूर्णवेळ नाट्यशिक्षकाची नोकरी घेऊन ऑडिशन देणं जमेल का?

विंगेतून

पूर्णवेळ नाही जमत. आदल्या दिवशी येणारा निरोप आणि शाळेची रजा यांचा मेळ बसत नाही. आठवड्याला ठरावीक तास घेणारं कंत्राट मागा आणि "चार दिवसांच्या सूचनेवर तास बदलून घेता येईल" असं त्यात लिहून घ्या. मुलांना मात्र अर्ध्यावर सोडू नये, नाटक बसवायला घेतलं की प्रयोगापर्यंत त्या तारखा पवित्र.

कट_टू_गोरेगाव

मी थोडं वेगळं मत मांडतो. बडोद्यातून ये-जा करत दोन वर्षं काढली की ओळखी होत नाहीत. काम व्हिडिओवर मिळतं हे खरं, पण दुसरं काम सेटवरच्या सहायकांच्या आठवणीत राहिल्यामुळे मिळतं. बावीस-तेवीसचं वय, अंगावर घरची जबाबदारी नाही, तर सरळ जावं. एक वर्ष ठरवून जावं.

बोरिवली_फास्ट

वर्ष ठरवून जाणं मान्य. पण वर्ष म्हणजे जमाखर्चच्या आकड्यांनी ३,६०,००० अधिक डिपॉझिट. एवढे नसतील तर ते वर्ष मॉलमध्ये उभं राहण्यात आणि कॉल सेंटरच्या रात्रपाळीत जातं. ऑडिशनला डोळे सुजलेले. मधला मार्ग आहे: महिन्यातले सलग आठ-दहा दिवस मुंबईत, रोजच्या भाड्याच्या बेडवर, वर्सोवा किंवा मालाडला. त्या दिवसांत ऑफिसांना भेटी, कार्यशाळा, प्रायोगिक नाटकं बघणं. उरलेले दिवस बडोद्यात कमाई आणि घरून व्हिडिओ. कास्टिंगवाल्यांना तारखा आधी कळवायच्या: "५ ते १४ मुंबईत आहे." त्या दहा दिवसांत बोलावणी यायला लागली आणि दर महिन्याला दहाचे वीस दिवस व्हायला लागले की खोली घ्यायची वेळ झाली असं समजा.

कट_टू_गोरेगाव

हे पटलं. फक्त ते दहा दिवस गणपती, दिवाळी किंवा पितृपक्षात ठेवू नका, ऑफिसं थंड असतात. आणि खोली घेताना ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे. चौघांत एकाच्या नावावर करार आणि बाकीचे तोंडी, असं नको. तो एक निघून गेला की तिघांचं डिपॉझिट अडकतं. करारात चौघांची नावं आणि प्रत्येकाने दिलेली रक्कम येऊ द्या.

स्लेट

करारावर येतो, तालीमघरचा तिसरा प्रश्न राहिलाय.

मालिकेच्या करारात चार जागी पेन्सिलने खूण करा. पहिली, महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे नक्की. हा आकडा नसेल तर महिन्याला तीन दिवस बोलावून बाकीचे सत्तावीस दिवस तुम्हाला अडकवून ठेवता येतं. दुसरी, दुसरं काम करायला मनाई आहे का. असेल तर किमान दिवसांची हमी हवीच, आणि नाटकाच्या शनिवार-रविवारची सवलत नावानिशी लिहून घ्या. तिसरी, किती तासांची शिफ्ट. बारा तासांची पद्धत आहे, पण ते कॉल टाइमपासून मोजायचे की मेकअप संपल्यापासून, हे लिहिलेलं असावं. चौथी, काम सोडायची किंवा काढायची सूचना किती दिवसांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का. नटाला साठ दिवस आणि निर्मात्याला शून्य, असं सर्रास असतं.

जाहिरातीत वेगळं. तिथे पैसा शूटिंगच्या दिवसाचा नसतो, वापराचा असतो. किती काळ, कुठल्या प्रदेशात, कुठल्या माध्यमात: टीव्ही, डिजिटल, होर्डिंग, दुकानातलं पोस्टर. "सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" असं लिहिलेलं असेल तर एका दिवसाच्या पैशात त्या प्रकारच्या मालाच्या बाकी सगळ्या कंपन्या तुम्हाला बंद होतात. एक वर्ष मागा आणि नूतनीकरणाची रक्कम आत्ताच लिहून घ्या.

आणि आता नवीन कलम दिसायला लागलंय: आवाज नि चेहऱ्याची संगणकावर नक्कल करून वापरण्याची परवानगी. ते सहज सही करून देऊ नका. "फक्त या प्रकल्पाच्या दुरुस्तीपुरतं, प्रत्येक वेळी लेखी परवानगीने" असं बदलून मागा.

ध्वनिमुद्रा

आवाजाचा विषय निघालाच आहे. डबिंग आणि निवेदन हे बडोद्यात बसून करता येणारं खरं काम आहे, मराठी-हिंदी-गुजराती तिन्ही येत असतील तर फारच. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं, मागे जाड गोधडी, समोर माइक, एवढ्यावर सुरुवात होते. माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे प-फ-ब चे झटके लागत नाहीत. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. कुणी न बोलता तीस सेकंद मुद्रित करून पाहा: शांततेची पातळी उणे साठ डेसिबलच्या खाली हवी. बडोद्यातल्या मांडवीसारख्या वस्तीत दिवसा ती मिळणार नाही, स्कूटर थांबत नाहीत. रात्री साडेअकरानंतर किंवा पहाटे पाचच्या आधी मिळते. प्रत्येक फाइलच्या शेवटी दहा सेकंद खोलीची शांतता ठेवा, मिक्सिंग करणाऱ्याला सांधे जुळवायला लागते. दर मिनिटांवर, तासावर की शब्दांवर, आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या फुकट, हे आधी ठरवा. दोन फेऱ्या रास्त.

खडकी

पैसे अडकले तर? नव्वद दिवस होऊन दीडशे झाले तर?

जमाखर्च

काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. मोफत आहे, आधार-पॅनवर होते, कला-मनोरंजन हा सेवेचा वर्ग त्यात आहे. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो, करारात नव्वद लिहिलं असलं तरी. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी कामाच्या नंतरची असेल तर त्या कामाला हे संरक्षण मिळत नाही.

कट_टू_गोरेगाव

कायदा खरा, पण चालू मालिकेत तक्रार केली की ट्रॅक आखडतो. मुलांना हेही कळलं पाहिजे.

जमाखर्च

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. दर महिन्याच्या शेवटी कामाच्या तारखा आणि शिफ्टचे तास लिहून ईमेल करा, "कृपया खात्री द्यावी" एवढंच. कॉलशीटचे (त्या दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकाचे) फोटो महिन्याच्या फोल्डरमध्ये. नव्वद दिवस उलटले की लेखाविभागाला आठवण, पंधरा दिवसांनी निर्मात्याला, मग कलाकार संघटना. सिंटाचं, म्हणजे सिनेमा-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सदस्यत्व असेल तर तिथून फोन जातो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. व्याजाची मागणी सर्वांत शेवटी. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे मालिका संपल्यावरही वेळ असतो. कागद नसतील तर मात्र तीस वर्षं असून उपयोग नाही.

तालीमघर

सर्वांचे मनापासून आभार. तत्काळ तिकिटाबद्दल दोन मुलींनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय: बोलावणं आदल्या दिवशी आलं तर तिकीट कसं काढायचं?

बोरिवली_फास्ट

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितसाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला. ऑनलाइन काढायला खात्याला आधार जोडलेलं हवं, ते आजच करून ठेवा, ऐन वेळी ओटीपीत अडकाल. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, त्यावर विसंबू नका. संध्याकाळी बोलावणं आलं तर तत्काळची वेळ निघून गेलेली असते, तेव्हा चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा बघा, नाहीतर रात्रीची बस.

आणि मध्यरात्रीची चूक टाळा. अहमदाबादहून १० तारखेला रात्री निघालेली गाडी बडोद्याला बारानंतर पोचत असेल तर तिकिटावर बडोद्याची तारीख ११ असते, पण "आदला दिवस" अहमदाबादच्या तारखेवरून मोजतात. म्हणजे तत्काळ ९ तारखेच्या सकाळी उघडतं, १० च्या नाही. ऑडिशन ११ ला सकाळी असेल तर ११ तारीख घालूनच शोधा. १० घातलीत तर एक दिवस आधीची गाडी दिसते आणि घाईत तेच तिकीट निघतं.